हेवी मेटल टिकलं कशामुळे?

5 जुलै 2025 रोजी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात, व्हिला पार्क या फुटबॉलच्या मैदानावर, ब्लॅक सॅबथ या बँडचा शेवटचा कार्यक्रम झाला. हे मैदान ज्या ॲस्टन भागात आहे, तिथेच 1968 साली हा बँड जन्मला. गायक ऑझी ऑस्बोर्न 76 वर्षांचा होता. पार्किन्सनमुळे त्याला उभं राहणं जमत नव्हतं, म्हणून सिंहासनासारख्या खुर्चीत बसून तो गायला, आणि सतरा दिवसांनी, 22 जुलैला, गेला. वर्तमानपत्रांनी या निरोपाची हळवी बाजू पुष्कळ रंगवली, आणि ते रास्तच होतं. पण त्या दिवसाची खरी बातमी मला दुसरीकडेच दिसते. मेटॅलिका, गन्स अँड रोझेस, स्लेयर, पँटेरा, गोजिरा असे एकाहून एक नावाजलेले बँड त्या मंचावर आले आणि प्रत्येकाने स्वतःच्या गाण्यांबरोबर सॅबथची गाणीही वाजवली. यांतल्या काही वादकांचा जन्म सॅबथचा पहिला अल्बम निघाल्यानंतरचा आहे. तरी ही गाणी त्यांच्या बोटांत होती. त्याच वर्षी 17 मे रोजी मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर गन्स अँड रोझेस वाजले, आणि तिथे लोक ज्यासाठी आले होते ती गाणी बहुतेक 1987 ते 1991 या काळातली. पन्नास वर्षांपूर्वीचं, तेही परक्या भाषेतलं, कानठळ्या बसवणारं हे संगीत अजून संपत का नाही?

या प्रश्नाला दोन उत्तरं नेहमी मिळतात. पहिलं असं, की माणसं आपल्या तरुणपणीच्या गाण्यांना चिकटून राहतात. हे खरं आहे, पण त्यातून 1970 साली विशीत असलेल्यांचंच प्रेम समजतं. 2008 साली जन्मलेला मुलगा एसी/डीसीसारख्या जुन्या बँडची गाणी गिटारवर का बसवतो, हे समजत नाही. दुसरं उत्तर बंडखोरीचं. तरुणांना मोठ्यांना डिवचायचं असतं आणि हे संगीत त्याला सोयीचं आहे, असं म्हणतात. पण आजच्या मुलाला डिवचायला याहून धारदार गोष्टी हाताशी आहेत, आणि जे संगीत वडिलांच्याच कपाटातून निघतं त्याने वडील कसे डिवचले जाणार? माझं म्हणणं वेगळं आहे. हार्ड रॉक आणि हेवी मेटल टिकलं ते मुख्यतः ऐकणाऱ्यांमुळे नव्हे, वाजवणाऱ्यांमुळे. या संगीताची घडणच अशी आहे की ते एका हातातून दुसऱ्या हातात जाऊ शकतं. त्याची एक परंपरा बनली, तिच्यात रचनांचा ठरलेला साठा आहे, शिकण्याच्या पायऱ्या आहेत, लिहून ठेवायची पद्धत आहे, आणि शिकलेलं लोकांसमोर पारखून घेण्याची जागाही आहे. आपण भारतीय लोक संगीताच्या अशा व्यवहाराला चांगले ओळखतो, फक्त तो इथेही आहे हे आपल्या सहसा लक्षात येत नाही.

बडोद्यात राहणाऱ्या मराठी माणसाला हे समजून घेणं तर अगदी सोपं आहे. निजामपुऱ्याहून फत्तेगंज ओलांडून शहराच्या मध्यात सूरसागर तलावापाशी आलं, की काठावर महाराजा सयाजीराव विद्यापीठाची संगीत-नृत्य-नाट्याची विद्याशाखा दिसते. तिचं मूळ 1886 साली सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने उस्ताद मौलाबक्षांनी सुरू केलेल्या गायनशाळेत आहे. गाणं घराण्यांच्या आणि खानदानांच्या आत जपलं जात होतं, त्या काळात मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलेखनपद्धती बनवली आणि बाहेरच्या सामान्य विद्यार्थ्यापुढे गाणं मांडलं. 1916 साली पंडित विष्णू नारायण भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तीही बडोद्यातच. मौलाबक्ष आणि भातखंडे या दोघांनाही एकच चिंता होती: रचना एका गळ्यापुरती राहिली तर त्या गळ्याबरोबर संपेल, म्हणून ती दुसऱ्याला नीट देता आली पाहिजे. संगीत का टिकतं याचं हेच उत्तर बर्मिंगहॅमच्या कामगारवस्तीतून निघालेल्या संगीतालाही लागू पडतं. तिथे ना दरबार होता, ना शाळा. तरीही पोरांनी हस्तांतराची तजवीज केली, आणि ती बरीच पक्की निघाली.

या तजविजीच्या मुळाशी आहे रिफ. रिफ म्हणजे गिटारवर पुन्हापुन्हा येणारा, दोन-चार सेकंदांत पुरा होणारा स्वरांचा ठसठशीत तुकडा. गाणं त्यावर उभं असतं. शब्द विसरले तरी रिफ विसरत नाही. डीप पर्पलच्या 1972 सालच्या ‘स्मोक ऑन द वॉटर’ची रिफ घ्या. डिसेंबर 1971 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो इथे कॅसिनोला लागलेली आग बँडने डोळ्यांनी पाहिली आणि त्यावर हे गाणं केलं, ही कथा प्रसिद्ध आहे. त्या रिफमध्ये मुळात चारच स्वर आहेत: षड्ज, कोमल गंधार, शुद्ध मध्यम आणि तीव्र मध्यम. दोन्ही मध्यम शेजारीशेजारी लागतात, आणि आपल्याकडे ललित ऐकलेल्या कानाला त्या जागेची ओढ लगेच कळते. एवढ्याशा सामग्रीमुळे नवशिक्याला ही रिफ एका दुपारी येते. पण ती ठेक्यात, योग्य जोराने, नेमकं थांबून वाजवणं वर्षानुवर्षं सुधारत राहतं. चांगल्या बंदिशीचं लक्षणही हेच असतं. मुखडा चटकन पाठ होतो आणि विस्ताराला अंत नसतो. हार्ड रॉकमध्येही ठरलेल्या रिफनंतर सोलो येतो, तिथे वादकाला आपला वकूब दाखवायला मोकळी जागा मिळते, आणि तो फिरून रिफवर येतो तेव्हा श्रोत्यांची मान समेवर आल्यासारखी हलते. दोन्हींच्या तपशिलात फरक पुष्कळ आहेत आणि ते पुसायचं मला कारण नाही. पण ठरलेलं आणि सुचलेलं यांची ही वाटणी शिकणाऱ्याला धरून ठेवते, हे दोन्हीकडे सारखंच दिसतं.

या संगीताचा आवाज असा जड का, याचं उत्तरही हातांशीच बांधलेलं आहे. सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी 1965 साली, वयाच्या सतराव्या वर्षी, पत्र्याच्या कारखान्यात काम करत होता. कामाच्या शेवटच्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. जँगो राइनहार्ट या वादकाने दोन बोटं निकामी झाल्यावरही गिटार वाजवली होती. कारखान्यातल्या मुकादमाने त्याची रेकॉर्ड आयोमीला ऐकवली. मग आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोप्या केल्या, त्यावर चामडं चिकटवलं, पातळ तारा शोधल्या, आणि पुढे तारांचा ताण कमी व्हावा म्हणून गिटार नेहमीपेक्षा खालच्या स्वरात लावायला सुरुवात केली. 1971 च्या अल्बममध्ये काही गाण्यांत तारा तीन अर्धस्वर खाली आहेत. ढिल्या तारेचा स्वर खोल आणि जडशीळ येतो. दुखऱ्या बोटांना सोसेल अशी सोय म्हणून जे केलं, ते पुढच्या हजारो वादकांनी शैली म्हणून उचललं. एका माणसाच्या हाताची गरज दुसऱ्यांच्या हातांची सवय झाली, याचं इतकं स्पष्ट उदाहरण संगीताच्या इतिहासात मला दुसरं आठवत नाही.

आता जरा ध्वनिशास्त्राकडे वळू, कारण ‘हा नुसता गोंगाट आहे’ या आक्षेपाचं उत्तर तिथे आहे. इलेक्ट्रिक गिटारचा ॲम्प्लिफायर त्याच्या कुवतीबाहेर चढवला की लहरींची टोकं कापली जातात. याला वादक डिस्टॉर्शन म्हणतात. टोकं कापली गेल्याने मूळ स्वरात नसलेले अनेक उपस्वर तयार होतात, आणि दोन स्वर एकत्र वाजवले तर त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे स्वरही त्यात मिसळतात. तीन-चार स्वरांचा भरगच्च कॉर्ड असा वाजवला तर या नव्या स्वरांची गर्दी होऊन चिखल होतो. म्हणून रॉकच्या वादकांनी कॉर्ड छाटला आणि दोनच स्वर ठेवले, षड्ज आणि पंचम. त्यालाच पॉवर कॉर्ड म्हणतात. षड्ज-पंचमाच्या कंपनांचं प्रमाण दोनास तीन. गिटारची 110 हर्ट्झची तार आणि तिचा सुमारे 165 हर्ट्झचा पंचम एकत्र वाजले, की वजाबाकीचा स्वर येतो 55 हर्ट्झचा, म्हणजे बरोबर खालच्या सप्तकातला षड्ज. तो कोणी वाजवलेला नसतो, तरी छातीत घुमतो. गिटारच्या समान-अंतरी स्वरव्यवस्थेत गंधार चांगलाच चढा असतो, पंचम मात्र जवळजवळ शुद्ध लागतो, त्यामुळे तो डिस्टॉर्शनमध्येही फाटत नाही. तंबोऱ्याच्या तारा षड्ज-पंचमाला लावून, जवारीने त्यांतले उपस्वर फुलवून, आपल्या लोकांनी शतकानुशतकं जे भरलेपण मिळवलं, त्याच स्वरसंबंधावर मेटलची भिंत उभी आहे. एकाचा परिणाम चित्त स्थिर करणारा, दुसऱ्याचा अंगावर धावून येणारा. पण ज्याला गोंगाट म्हणतात त्याच्या आत इतका शुद्ध पंचम आहे, हे कळल्यावर तो शब्द वापरताना थोडं थांबावं लागेल.

थाटांच्या अंगानेही हे संगीत आपल्याला अनोळखी नाही. मेटलच्या पुष्कळ रचना पाश्चात्त्य स्वाभाविक मायनरमध्ये, म्हणजे भातखंड्यांच्या आसावरी थाटाच्या स्वरांत असतात, आणि अधिक उग्र रचना फ्रिजियनमध्ये, म्हणजे भैरवी थाटाच्या स्वरांत. सॅबथच्या नावाचंच जे पहिलं गाणं आहे, त्याचा कणा षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्यातल्या अंतरावर आहे. या अंतराला युरोपात सैतानाशी जोडण्याची जुनी रीत होती. आपल्याकडे तेच अंतर यमनात रोज संध्याकाळी प्रसन्नपणे वावरतं. स्वर कसा वागवला यावर त्याचा भाव ठरतो. पण मूळ सामग्री सामाईक असल्याने भारतीय कानाला या संगीतात शिरताना शब्दांची अडचण येते, स्वरांची फारशी येत नाही.

शब्दांबद्दलही थोडं बोललं पाहिजे. लोकप्रिय गाण्यांत प्रेमाचं राज्य असतं आणि प्रेमाची भाषा दर दहा वर्षांनी बदलते. मेटलने विषय निवडले युद्ध, मृत्यू, वेड, सत्ता, इतिहास, देव आणि देवाची अनुपस्थिती. सॅबथचं 1970 सालचं ‘वॉर पिग्ज’ व्हिएतनाम युद्धाच्या काळातलं आहे, आणि युद्धाचे हुकूम देणारे व मरणारे वेगळे असतात हा त्याचा राग दुर्दैवाने अजून शिळा झालेला नाही. आयर्न मेडन या बँडने अलेक्झांडरवर गाणं केलं, अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या कत्तलीवर केलं, कोलरिजच्या दीर्घकवितेवर तेरा मिनिटांहून मोठं गाणं केलं. घोड्याच्या टापांसारखा चालणारा ठेका, ताणलेला चढा आवाज, रणांगणाची कथा: मराठी श्रोत्याला हे ऐकून पोवाडा आठवला तर नवल नाही. अज्ञानदासाचा अफझलखानवधाचा पोवाडा सतराव्या शतकातला, आणि तो आजही गायला जातो, कारण त्याचा विषय आणि त्याची चाल दोन्ही पुढच्या शाहिराला उचलता येतात.

हे संगीत आपल्याकडे कसं आलं, ही कथा मुंबईची आहे, आणि थोडी पाचगणीचीही. झांझिबारमध्ये 1946 साली जन्मलेला फारुख बलसारा आठव्या वर्षी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आला, तिथे पियानो शिकला आणि ‘द हेक्टिक्स’ नावाच्या शाळकरी बँडमध्ये वाजवू लागला. त्याचं आडनाव बलसाड म्हणजे आजच्या वलसाडवरून आलेलं. बडोद्याहून मुंबईला जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या वाटेवरचं हे गाव. पुढे लंडनमध्ये तो फ्रेडी मर्क्युरी झाला. त्याच्या क्वीन या बँडच्या ऑपेराच्या ढंगाच्या गाण्यांचं कौतुक फार होतं, पण सुरुवातीची क्वीन हा कडक हार्ड रॉक बँड होता. त्यांचं 1974 सालचं ‘स्टोन कोल्ड क्रेझी’ इतकं वेगवान आहे की पुढच्या दशकातल्या थ्रॅश मेटलची चाहूल त्यात लागते. ते गाणं 1990 साली मेटॅलिकाने आपल्या पद्धतीने वाजवलं आणि त्यासाठी त्यांना 1991 चं ग्रॅमी मिळालं. पाचगणीत पियानोवर बोटं फिरवलेल्या मुलाच्या बँडचं गाणं कॅलिफोर्नियातल्या मेटलवाल्यांच्या हातात गेलं, ही हस्तांतराची साखळी मला त्या पुरस्कारापेक्षा मोठी वाटते.

1972 साली लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट मुंबईत आले. त्यांनी आपली दोन गाणी, ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’, इथल्या वादकांना घेऊन पुन्हा ध्वनिमुद्रित केली, आणि कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ या डिस्कोथेकमध्ये वाजवलंही. ती मुद्रणं अधिकृतपणे बाहेर यायला 2015 साल उजाडलं, ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’ या नावाने. पण अशा भेटींपेक्षा जास्त काम केलं ते कॅसेटने. एकाकडे आलेली कॅसेट दहाजणांकडे उतरवली जायची, आणि त्यातली गाणी पोरं कानाने बसवायची: टेप मागे न्यायची, पुन्हा ऐकायचं, गिटारवर शोधायचं. कोलकात्याच्या गिव्हसनसारख्या देशी बनावटीच्या गिटारींवर हा रियाज झाला. त्याला जोड मिळाली टॅब्लेचरची. सहा रेघा म्हणजे सहा तारा, त्यावरचे आकडे म्हणजे कोणत्या पट्टीवर बोट ठेवायचं ते. पाश्चात्त्य स्वरलेखन न शिकलेल्या मुलाला हे दहा मिनिटांत कळतं. युरोपात ल्यूटसाठी सोळाव्या शतकात ही पद्धत होती. रॉकच्या मासिकांनी आणि नंतर इंटरनेटने ती पोराटोरांच्या हाती दिली. मौलाबक्ष आणि भातखंडे यांनी स्वरलेखनातून जे साधलं तेच इथे टॅबने साधलं. शिकवणारा समोर नसतानाही रचना पोचू लागली.

1984 साली मुंबईत रॉक मशीन हा बँड उभा राहिला. महेश तिनईकर, उदय बेनेगल ही त्यातली ठळक नावं. सुरुवातीला ते दुसऱ्यांची गाणी वाजवत, मग 1988 मध्ये स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला आणि 1993 मध्ये नाव बदलून इंडस क्रीड झाले. 1986 पासून फरहाद वाडियांनी स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास ‘इंडिपेंडन्स रॉक’ सुरू केलं, आणि धोबी तलावाजवळचं, सेंट झेवियर्स कॉलेजपाशी असलेलं रंगभवन हे त्याचं घर झालं. आयआयटी मुंबईच्या मूड इंडिगोतल्या रॉक स्पर्धेसारख्या कॉलेजांच्या महोत्सवांतूनही बँड घडत होते. या सगळ्या मंचांवर दीर्घकाळ दुसऱ्यांच्या गाण्यांची, म्हणजे कव्हरची, चलती होती. मेडनचं गाणं जसंच्या तसं वाजवलं तर टाळ्या. एक जागा चुकली तर पुढच्या रांगेतली पोरं लगेच एकमेकांकडे बघणार. समीक्षक याला नकलेची संस्कृती म्हणाले. मला ते अर्धवट वाटतं. जिथे श्रोत्यांतला मोठा हिस्सा स्वतः वाजवणारा असतो, तिथे रचनेची परीक्षा कडक होते, आणि परीक्षा कडक असली की रचना अचूक टिकते.

म्हणूनच 17 मार्च 2007 रोजी बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर आयर्न मेडन पहिल्यांदा भारतात वाजले तेव्हा हजारो लोकांना त्यांच्या गाण्यांतले बारकावे ठाऊक होते. पुढच्या वर्षी, 1 फेब्रुवारी 2008 ला, त्यांनी आपला जगाचा दौरा मुंबईतूनच सुरू केला. गायक ब्रूस डिकिन्सन हा वैमानिकही. बँड आणि सामान घेऊन बोइंग 757 त्यानेच उडवलं. त्या दौऱ्यातली गाणी जवळजवळ सगळी 1980 च्या दशकातली होती. 2007 पर्यंत भारतात कधी पाऊल न ठेवलेल्या बँडला वीस-पंचवीस वर्षांनी असा श्रोता मिळाला, तो आधीच्या पिढ्यांनी कॅसेट आणि कव्हर यांतून घडवून ठेवलेला होता.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप बाजाराचा: कंपन्या जुने अल्बम पुन्हापुन्हा चकचकीत करून विकतात, मालिकांमध्ये गाणी घुसवतात, म्हणून ती टिकतात. याला पुरावा आहे. मेटॅलिकाचं 1986 सालचं ‘मास्टर ऑफ पपेट्स’ 2022 साली ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेत आलं आणि तेव्हा कुठे, 36 वर्षांनी, अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट 100 यादीत पहिल्यांदा शिरलं. पण त्या दृश्यात काय आहे ते पाहा: एक मुलगा गिटार घेऊन ते गाणं वाजवतो. प्रसिद्धी त्या गाण्याला मिळाली खरी, पण मालिकेच्या लेखकांना ते सुचलं याचं कारण तीन दशकं मुलांच्या खोल्यांत ते वाजत होतं. मेटॅलिकाचाच 1991 सालचा अल्बम अमेरिकेच्या अल्बमयादीत सातशेहून अधिक आठवडे राहिला आहे. जाहिरात एखादा महिना गाणं ढकलू शकते. इतकी वर्षं ढकलत राहण्याइतकी ताकद कुठल्याच जाहिरातीत नसते.

दुसरा आक्षेप अधिक भक्कम आहे. त्या काळातले असंख्य बँड विसरले गेले. आपण उरलेल्या मूठभरांकडे पाहून अख्ख्या संगीताला टिकाऊ म्हणतो, ही फसगत नाही का? आहे, काही अंशी. पण मग उरलेले का उरले, हा प्रश्न आणखी टोकदार होतो. कोण उरलं याची यादी केली तर एक गोष्ट नजरेत भरते: सॅबथ, पर्पल, झेपेलिन, एसी/डीसी, जुडास प्रीस्ट, मेडन, मेटॅलिका या प्रत्येकाकडे दुसऱ्याला शिकता येतील अशा रिफ्सचा भरपूर साठा आहे, आणि त्याही चढत्या अवघडपणाच्या. मुलगा एसी/डीसीपासून सुरुवात करतो आणि काही वर्षांनी मेडनपर्यंत पोचतो. ज्यांची भिस्त स्टुडिओतल्या करामतीवर किंवा पोशाखावर होती त्यांना हा दुसरा जन्म मिळणं अवघड गेलं. सगळंच संगीत याच मार्गाने टिकतं असा माझा दावा नाही. डिस्को नाचणाऱ्यांच्या पायांतून टिकलं, हिंदी चित्रगीत गुणगुणणाऱ्यांच्या ओठांतून. मेटलचा मार्ग हातांचा.

तिसरा आक्षेप मराठी घरांत हमखास ऐकू येतो: हे आपलं नाही. पण मग हार्मोनियमचं काय? तिचं पेटंट 1842 साली पॅरिसमध्ये निघालं. आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत तिला परकी म्हणून बाहेर ठेवलं, आणि त्याच काळात संगीत नाटकाची कल्पनाही पेटीशिवाय करता येत नव्हती. उलट दिशेचं उदाहरण हवं तर मौलाबक्षांचा नातू इनायत खान 1910 साली बडोद्याचं गाणं घेऊन अमेरिकेला गेला. वाद्य कुठून आलं यापेक्षा ते कोणाच्या हातात रुळलं हे महत्त्वाचं. या आक्षेपातला एक भाग मात्र मी मान्य करतो. आपल्याकडे हे संगीत इंग्रजी माध्यमाच्या, शहरी, गिटार-ॲम्प्लिफायर परवडणाऱ्या घरांपुरतं बरीच वर्षं राहिलं, आणि मंचावर मुली फार कमी दिसल्या. हातोहात जाणाऱ्या परंपरेचा हा मोठा दोष असतो. ती ज्यांच्या हातात असते त्यांच्याच ओळखीच्यांना आधी मिळते. मौलाबक्षांच्या गायनशाळेने असाच दरवाजा मोडला होता. स्वस्त गिटारी आणि फुकटचे टॅब यांमुळे मेटलचा दरवाजा आता थोडा उघडतो आहे, पुरेसा नाही.

आवाजाची तक्रार खोटी नाही. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही कायद्याची मर्यादा आहे. मेटलचा कार्यक्रम सहज शंभरावर जातो. रंगभवन शांतता क्षेत्रात येत असल्यामुळे बंद पडलं. एसी/डीसीचा गायक ब्रायन जॉन्सन याला 2016 साली कान कायमचे जातील म्हणून डॉक्टरांनी दौरा सोडायला लावला. आपले कान सांभाळून, कानात बोळे घालून हे संगीत ऐकण्यात काहीच कमीपणा नाही. आणि खोलीत शिकणाऱ्याला मोठा आवाज लागतही नाही; हेडफोनवर रियाज उत्तम होतो.

परंपरा नुसती जुनंच वाजवत राहिली तर ती संग्रहालय होते, असंही म्हणता येईल. ते झालेलं नाही. मुंबईत 2000 साली सुरू झालेल्या डेमॉनिक रिझरेक्शनने 2017 मध्ये ‘दशावतार’ नावाचा अल्बम केला, विष्णूच्या अवतारांवर. भयानक मौत, स्क्राइब, झिग्नेमा या मुंबईच्या बँडनी स्वतःची गाणी घडवली. दिल्लीच्या ब्लडीवूडने ढोल आणि मेटल एकत्र आणून युरोपातल्या महोत्सवांपर्यंत मजल मारली. ही मंडळी जुन्या रिफ्सवर हात बसवून पुढे गेलेली आहेत, जसा प्रत्येक गवय्या आधी गुरूच्या बंदिशी घोकून मग आपलं गातो.

बडोद्यातल्या वाचकांना माझी एक विनंती आहे. कॉलेजातल्या बँडच्या ध्वनिमुद्रणांच्या कॅसेट, कार्यक्रमांची पत्रकं, हाताने उतरवलेले टॅब आणि गाण्यांच्या वह्या अनेकांच्या घरी माळ्यावर पडून असतील. चुंबकीय टेप दमटपणाने चिकटते, बुरशी धरते, आणि एकदा तिचा थर सुटला की आवाज परत मिळत नाही. बडोद्याच्या, मुंबईच्या, पुण्याच्या रॉकचा इतिहास अजून नीट लिहिलेला नाही आणि त्याची साधनं याच वस्तू आहेत. त्या कॅसेट डिजिटल करून घ्या, प्रत्येकीवर साल, ठिकाण आणि वादकांची नावं लिहा, आणि त्यांची एक प्रत जवळच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला किंवा संगीत विभागाला द्या. ती नावं सांगू शकणारी माणसं आज आपल्यात आहेत, म्हणून हे काम आत्ताच करायला हवं.